माझ्या सहीचा नकार

"बाकड्यावर नको. तिथं माणसं बसतात."

पोलीस ठाण्यातला सबइन्स्पेक्टर मान वर न करता म्हणाला. कानडीत म्हणाला, पण एवढी कानडी मला कळते. बाकडं अख्खं रिकामं होतं. मी उठले आणि भिंतीकडेला, काढून ठेवलेल्या चपलांच्या शेजारी फरशीवर बसले. वर हसलेसुद्धा. कुणी अपमान केला की मला आधी हसू येतं. जुनी खोड आहे.

मी जन्मठेपेच्या कैद्याची बायको. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात तपासणीला आहे. यंत्रात बसणारा लोखंडी बुश उचलायचा, मापाचा गेज लावायचा, बसला तर पास, नाही तर लाल पेटीत. अकरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी वर्कशॉपच्या दारातल्या भांडणात एकाच्या डोक्यात पाना घातला. तो माणूस मेला. मी हे लपवत नाही. त्याची बायको बाजारात दिसली तर आजही मीच रस्ता बदलते. शिक्षा झाली, ती भोगतायत. पण घरात आजारपण, मरण असलं तर काही दिवस पॅरोलवर सोडायचं आणि माणसानं परत जायचं, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. "स्वल्प पाणी दे गं," म्हणायच्या, आणि पाणी दिलं की, "माझा अण्णा आला का?" थोरल्या लेकाला, म्हणजे ह्यांना, त्या अण्णा म्हणायच्या. ह्यांनी तुरुंगातून पॅरोलचा अर्ज केला. असा अर्ज आला की पोलीस चौकशी करून अहवाल पाठवतात. घरच्यांचं म्हणणं काय, गल्लीचं काय. सगळं त्या अहवालावर ठरतं. म्हणून मला ठाण्यात बोलावलं होतं. मुलगी रेणू बरोबर येते म्हणत होती. मीच नको म्हटलं. कॉलेजातल्या पोरीला कशाला ठाण्याची पायरी!

अर्धा दिवस चपलांपाशी गेला. मग, "ए, इकडे ये. सही कर."

टाइप केलेला कागद. कानडी.

"काय लिहिलंय सर?"

"नवरा हवाय ना? मग कर सही."

इथं माझी एक फजिती सांगायला हवी. आमच्या घराण्यात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की मला मधे बसवतात. होसकोटेची गोष्ट सांग म्हणतात. मी कराडची. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूची. भाजीवाल्यांशी भांडून भांडून मी कानडी बोलायला शिकले, वाचायला मात्र कधी शिकले नाही. एकदा नणंदेकडे जे. पी. नगरला निघाले, पाटी न वाचता खासगी बसमध्ये चढले आणि उतरले ती होसकोटेला. शहराच्या भलत्याच टोकाला. हातात पुरणपोळ्यांचा डबा. त्यातल्या दोन रडत रडत कंडक्टरलाच खायला घातल्या. सगळे पोट धरून हसतात. मीही हसायचे. बाईला पाटी वाचता येत नाही, केवढा विनोद!

त्या दिवशी त्याच बाईनं सही केली. मराठीत, छान वळणदार. गेज लावल्याशिवाय एक बुश मी पुढं सोडत नाही. तो कागद सोडला.

दीड महिन्यानं तुरुंगात मुलाखतीला गेले. मधे काच, दोन्ही बाजूंना फोन. हे नेहमी आधी रेणूचं विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही. नुसता अर्जाच्या नकाराबरोबर आलेला कागद काचेला लावला.

"तू नको म्हणालीस?"

"कशाला नको?"

त्यांनी वाचून दाखवलं. सावकाश, एकेक ओळ मराठीत सांगत. कैद्याची पत्नी सांगते की तो घरी आल्यास तिच्या व मुलीच्या जिवाला धोका आहे. वृद्ध आई त्याला घाबरते. त्याला सोडू नये अशी कुटुंबाची विनंती आहे. खाली माझी सही.

"मी असं काही बोलले नाही हो."

"सही तुझी आहे."

"मला वाचता येत नाही. तुम्हाला माहीत आहे ना!"

त्यांनी कागद काचेवरून काढला. मग म्हणाले, "होसकोटे." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात. साहेब चिडला नाही, उलट समजूत घालावी तसा बोलला.

"सही तुझी ना?"

"हो, पण सर..."

"ऐक. तो सुटला आणि त्यानं काही केलं तर माझी नोकरी जाते. नाही सुटला तर कुणाचं काय जातं?"

चौथ्या दिवशी सासूबाई गेल्या. दाराकडे तोंड करून. कुणाचं काय जातं, ते मी उशाशी बसून बघितलं.

दिवसकार्य झालं आणि मी रेणूला म्हटलं, "मला अक्षरं शिकव." दुकानांच्या पाट्या, औषधांची पाकिटं, विजेचं बिल, मिळेल ते वाचत सुटले. एका अक्षराला मी रोज अडायचे. रेणू हसायची. मला आता हसू येत नव्हतं.

यंदा वर्षश्राद्धासाठी ह्यांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा बोलावणं आलं. तोच साहेब, तेच रिकामं बाकडं. मी बाकड्यावर बसले.

त्यानं मान वर केली. "तिथं..."

"माणसं बसतात. म्हणूनच बसले."

कागद पुढं सरकवला गेला. मी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. पहिलीतलं पोर वाचतं तसं. मागं दोन शिपाई हसले. मी वाचत राहिले. जिवाला धोका आहे. पुढची ओळ. वृद्ध आई त्याला घाबरते.

तिथं बोट थांबलं.

"सर, त्या वारल्या. वर्ष होत आलं. त्यांच्याच श्राद्धाला यायचंय त्याला. त्या आता कुठून घाबरतायत?"

मागचं हसू बंद झालं.

"टायपिंगची चूक आहे. सही कर."

"नाही करत."

"मग तो येणार नाही."

"सही केली होती, तेव्हा तरी कुठं आला?"

पिशवीतून मी माझा कागद काढला. कानडीत, वाकडातिकडा, चार संध्याकाळी खपून लिहिलेला. नवरा घरी यावा अशी माझी इच्छा आहे. मुदत संपली की मी स्वतः त्याला तुरुंगाच्या दारात पोचवीन. "हा अहवालाला जोडा. आणि पोच द्या."

त्यानं कागदाला हात लावला नाही. खुर्चीत मागं रेलला आणि अगदी हळू विचारलं, "मुलगी कॉलेजला कितीला निघते, अम्मा?"

पहिल्यांदा अम्मा म्हणाला. मी माझा कागद उचलून पिशवीत घातला.

तशीच पोस्टात गेले. तुरुंगाच्या अधीक्षकांना त्या कागदाची एक प्रत, पोलीस आयुक्तांना एक. रजिस्टर करून. पावत्या पिठाच्या डब्यात आहेत.

तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल उभी असते. वर बसलेला हेल्मेट काढत नाही. काही बोलत नाही, काही करत नाही. रेणू साडेसातला निघते. मी मेट्रोपर्यंत तिच्याबरोबर जाते आणि कामावर रोज उशिरा पोचते. रेणू म्हणते, "आई, घाबरलीस?" घाबरलेय. खोटं कशाला सांगू? पण सही करणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी तुरुंगाबाहेरच्या रांगेत मी बायकांना विचारते, चौकशीच्या कागदावर काय लिहिलं होतं? बहुतेकींना ठाऊक नसतं. एकीनं तर कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. ज्यांच्या हातात कागद आहेत, ते मी वाचून देते. अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत. आम्हाला दया नको आहे. अहवाल पाठवण्याआधी घरच्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. त्याची प्रत द्या. माणूस मरायच्या आत उत्तर द्या. आणि नकार द्यायचा तर कारण लिहा, खाली लिहिणाऱ्याचं नाव घाला.

परवा एका लग्नात जेवणं झाल्यावर कुणी तरी म्हणालं, "होसकोटेची गोष्ट होऊ द्या!" मी ही सहीची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. माणसं लवकर उठून गेली. जाऊ देत. पुन्हा विचारलं तर पुन्हा हीच सांगणार.

वर्षश्राद्ध बावीस दिवसांवर आलंय. हे येतील की नाही, मला माहीत नाही. मोटरसायकल आजही तिथंच आहे. पण या वेळी नको म्हणायचं असेल तर सरकारनं स्वतःच्या तोंडानं म्हणावं.

माझ्या सहीनं नाही.