टाकीच्या नाकावरची दुधाची पिशवी

आमच्या कारखान्यातली पाण्याची टाकी दहा हजार लिटरची आहे. स्टेनलेस स्टीलची, उभी, पिंपासारखी गोल. व्यास दोन मीटर वीस सेंटिमीटर, उंची पावणेतीन मीटरच्या आसपास. पत्रा मात्र दोन मिलिमीटर, म्हणजे साधारण पाच रुपयांच्या नाण्याच्या जाडीचा. नवीन आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो टाकीवर बोटाने टकटक करून बघतो आणि मान हलवतो. त्याला खरं वाटत नाही.

कारखाना अंधेरी पूर्वेला. आम्ही चेहऱ्याला लावायची क्रीम आणि शाम्पू बनवतो, आणि दोन्हींत सगळ्यात जास्त असतं ते पाणी. ते गाळून, क्षार काढून या टाकीत साठवायचं आणि इथून पंपाने मिक्सरला पाठवायचं. कारखान्याचं तांत्रिक काम माझ्याकडे आहे. पाणी मामांकडे.

मामा म्हणजे आमचे पाण्याचे ऑपरेटर, मालवणकडचे. मी शिकाऊ म्हणून लागले तेव्हापासून सगळे त्यांना मामाच म्हणतात. चारचौघांत ते मला मॅडम म्हणतात, रागावले की ‘गो बाय’. डब्यात सोलकढी असली की एक लहान बाटली माझ्यासाठी वेगळी आणतात आणि बाटली धुऊन परत मागतात. स्वच्छतेचं त्यांचं वेड असं की टाकी पुसायचं फडकं ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते तेव्हा बाकी मशिनांना एकेक झेंडूचं फूल मिळतं. टाकीला हार.

टाकीच्या छपरावर दोन इंची, खाली वाकवलेला एक पाइप आहे आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी. पाणी उपसलं की तेवढी हवा त्यातून आत येते. पाणी भरलं की तेवढी बाहेर जाते. आमचा पंप तासाला दहा हजार लिटर ओढतो, म्हणजे तासाला दहा हजार लिटर हवा आत यायला हवी. हे गणित इतकं सरळ आहे की ते कुणाला मुद्दाम सांगावं असं वाटतच नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारचा गाळा पाडायला सुरुवात झाली. तिथे काचेची मोठी इमारत होणार होती. दिवसभर सिमेंटची धूळ उडायची. गाड्यांच्या काचांवर थर, खिडक्यांवर थर, आणि एका सकाळी मामांना टाकीतल्या पाण्यावर करडा तवंग दिसला. मला बोलवून दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की जणू कुणी त्यांच्या देवघरात चपला घालून गेलं.

मी म्हटलं, “पाइपावर मोठा फिल्टर बसवू. मागवते आजच.”

“तो येयसर काय करूचा?”

“टाकी धुऊ. रोज धुऊ.”

ते फडकं उचलून टाकीकडे गेले. मामा वाद न घालता गेले की मला काळजी वाटायला हवी, पण त्या आठवड्यात मालकांनी दुसरीच काळजी लावून दिली होती. एक कंत्राटदार त्यांच्याकडे येत होता. तो स्वतःची प्लास्टिकची टाकी, स्वतःचं मशीन आणि स्वतःचा माणूस आणून शुद्ध पाणी द्यायला तयार होता. मालकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “ही टाकी चालतेय तोवर मी विचार करत नाही. पण हिच्यावर नवीन खर्च निघाला, तर त्याला बोलावणार.” कंत्राटदाराचा माणूस आला म्हणजे मामा गेले. त्यांच्या निवृत्तीला एक गणपती बाकी होता. धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि व्याह्यांना ‘नोकरीत आहे’ असं सांगितलेलं होतं. मामांना हे सगळं माहीत होतं. कारखान्यात काही लपत नाही.

दोन दिवसांनी, सकाळची बॅच सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मी ऑफिसात बसले होते. पंपाचा आवाज बदलला. नेहमीची घरघर जाऊन कण्हल्यासारखा सूर लागला, आणि मग मागच्या बाजूने एक दणका ऐकू आला, मोठं पातेलं फरशीवर पडावं तसा. मी धावत गेले आणि आधी पंपाचं बटण बंद केलं. मग टाकीकडे पाहिलं. तिची एक बाजू कमरेच्या उंचीपासून खांद्यापर्यंत आत गेली होती. दोन माणसं टेकून उभी राहतील एवढा खळगा.

वर पाहिलं तर पाइपाच्या तोंडावर दुधाच्या पिशव्या. अर्ध्या लिटरच्या, स्वच्छ धुतलेल्या, एकावर एक तीन, आणि वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळलेल्या. जादा पाणी सांडायचा जो पाइप बाजूला आहे, त्याच्या तोंडावरही तसंच. पिशव्या पाइपात खोल ओढल्या गेल्या होत्या, पण फाटल्या नव्हत्या. बांधणी मामांची होती, सुटणार कशी.

मामा शिडी चढून गेले आणि पट्टी सोडली. हवा आत जायला लागली. ती बराच वेळ जात राहिली, तहानलेल्या माणसाने तांब्या तोंडाला लावावा तशी. मामा शिडीवरच थांबले.

“काल संध्याकाळी सकाळच्या बॅचपुरता पाणी भरून घेतलंय आणि मगे बांधलंय,” ते म्हणाले. “धूळ जाव नये म्हणान. पाण्याक हवा कशाक होयी, गो बाय?”

मी त्यांना खाली उतरवून कँटीनमध्ये नेलं. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत कढत पाणी घोळवून ओतून टाकलं, झाकण लावलं आणि बाटली नळाखाली धरली. बाटली चुरमडली. मामांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

“आतून ओढून घेतला?”

“आतून कोणी ओढत नाही. बाहेरची हवा दाबते. ती रोजच दाबते, पण आतली हवा तिला सामना देते. आतली कमी पडली की पत्रा एकटा. आपला पत्रा चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या पुढे टिकत नाही.”

“अर्धो टन,” मामा म्हणाले. मग हळूच, “आता माका घराक पाठवतले.”

मालक दुपारी आले. ते ओरडणारे नाहीत. टाकीभोवती एक फेरी मारली, खळग्यात तळहात ठेवला आणि म्हणाले, “आपल्याकडे कॉम्प्रेसर आहे ना? सगळी तोंडं बंद करा, वरून हवा मारा. फुग्यासारखी फुगेल, डेंट निघून जाईल. नाही निघाला तर मग बघू दुसरं.”

दुसरं म्हणजे कंत्राटदार, हे आम्हा दोघांनाही कळलं. आणि मामा, ज्यांना नुकतीच बाटली दाखवली होती, तेच आधी हलले. हवेची नळी त्यांनी काढून आणली, ट्यूबची पट्टी खिशात होतीच. “लावया, मॅडम. पाच मिनिटांचा काम.” टाकी संध्याकाळच्या आत सरळ दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

मी नळी त्यांच्या हातातून घेतली. मालकांना म्हटलं, “एक मिनिट हिशोब ऐका. छपराचं क्षेत्रफळ तीन पूर्णांक आठ चौरस मीटर. कॉम्प्रेसर सात बारवर असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सातपट. आपण चुकून एक दशांश बार दाबसुद्धा आत चढवला, तर छपरावर खालून पावणेचार टनांचा जोर येतो. आणि टाकीचं सगळं मिळून वजन आहे सव्वाचारशे किलो.”

“म्हणजे?”

“म्हणजे छप्पर उडेल किंवा तळ फाटेल. आणि शिडीवर मामा असतील.”

मालकांनी नळीकडे पाहिलं. “एक दशांशने?”

“एक दशांशने. बंद केली की ती दोन्हीकडून मरते. ओढलं तरी, फुगवलं तरी.”

“मग तुझं काय म्हणणं?”

“वरची तोंडं उघडी ठेवून नुसतं पाणी भरू. हळूहळू. पाण्याचं वजन आतून ढकलेल, आणि कुठेही जास्त होणार नाही, कारण जास्तीचं पाणी पाइपातून सांडून जाईल. ही टाकी पाणी पेलायलाच केलेली आहे. खळगा निघेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण याने आणखी बिघडणार नाही.”

“संध्याकाळपर्यंत,” मालक म्हणाले आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून तिथेच बसले.

नळ अर्धा उघडला. मामा टाकीजवळून हलेनात. जेवायला बोलावलं तर म्हणाले, “तुमी जेवा.” मालकांनी विचारलं, “मामा, पिशव्या धुतलेल्या तरी होत्या ना?” मामांनी दुखावलेल्या नजरेने पाहिलं. “साबणान धुतलंय, साहेब. दोनदा.” मालक तोंड फिरवून हसले, पण त्यांनी घड्याळ मात्र पाहिलं.

पाणी खळग्याच्या वर गेलं तरी काही झालं नाही. पाऊण टाकी भरली तेव्हा पत्रा एकदा कुरकुरला. मामांनी दोन्ही हात टाकीला लावले, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसे. मी त्यांना मागे ओढलं. आणखी थोडं पाणी चढलं, आणि टाकीने एकच मोठा टणत्कार केला. खळगा बाहेर आला होता. सगळा नाही, जेवणाच्या ताटाएवढा एक उथळ भाग कोपराच्या उंचीवर राहिला, तो अजून आहे.

मामा जमिनीवर बसले. मालक उठले आणि टाकीकडे न जाता आधी कँटीनवाल्याकडे गेले, मामांसाठी चहा सांगायला.

पत्रा सरळ झाला म्हणून जोड शाबूत असतील असं नाही, हे मी मालकांना त्याच वेळी सांगितलं. सगळे जोड बाहेरून कोरडे केले, त्यांवर खडू घासला आणि टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवली. गळती असली तर पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटतो. सकाळी मी पोहोचले तेव्हा मामा आधीच बॅटरी घेऊन टाकीखाली वाकलेले होते. डाग नव्हता. मी पुन्हा सगळे जोड तपासले. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते माझ्यासाठी बॅटरी धरून उभे राहिले.

मालकांनी खडूवरून बोट फिरवलं. “मामा, तुमच्या रिटायरमेंटपर्यंत चालेल का ही?”

“माझ्या नाय, साहेब. तुमच्या.”

कंत्राटदार परत आला नाही. मालकांनी खर्च मंजूर केला आणि छपरावर आता मोठा फिल्टर आहे. त्याशिवाय एक सुरक्षा व्हॉल्व्ह आहे, दोन वजनदार झाकणांचा. फिल्टर धुळीने तुंबला आणि टाकी ओढायला लागली तर एक झाकण आत हवा घेतं. आत दाब वाढला तर दुसरं ती बाहेर सोडतं. तो बसवला त्या दिवशी मामांनी विचारलं, “झाकण उघडतला कोण?”

“हवाच उघडते.”

“आणि बंद?”

“स्वतःच्या वजनाने.”

त्यांना ते पटायला वेळ लागला. दर सोमवारी ते वर चढून दोन्ही झाकणं बोटाने उचलून बघतात आणि खाली येऊन मला सांगतात, “श्वास चालू असा.” मी विचारलेलं नसतं.

मे महिन्यात ते मुलीच्या लग्नाला गावी गेले. आल्यावर टेबलावर माझ्यासाठी आमसुलं ठेवली, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. पिशवीचं तोंड उघडंच होतं आणि आमसुलं थोडी टेबलावर सांडली होती. मी गोळा करायला लागले तेव्हा म्हणाले, “बांधूक नाय, गो बाय. म्हटलंय, तू परत बाटली चेपून दाखवशीत.”