वरचा षड्ज

आमच्या शहराच्या लष्कर भागातली दोन संगीत विद्यालयं एक व्हायची होती, त्या वर्षी गुरुजींचं गाणं टेपवर घेतलं. आमचं जयेंद्रगंजातलं लहान विद्यालय आणि इंदरगंजातलं मोठं मिळून एक सरकारी संस्था होणार होती. शिक्षकांचे वर्गही नव्यानं ठरणार होते. नव्या संस्थेच्या संग्रहात पहिलं गाणं गुरुजींचं असावं म्हणून दिल्लीहून एक माणूस यंत्र घेऊन आला. मी गुरुजींची सगळ्यात जुनी शिष्या, त्यांच्याच विद्यालयात शिकवणारी. मागे बसून साथीला गायचं काम माझ्याकडे आलं.

यंत्र म्हणजे लोक सिनेमे बघायला आणत तसला व्हिडिओ रेकॉर्डर, आणि त्याला जोडलेला एक डबा.

"यह डिब्बा आवाज़ के नंबर बनाता है," तो माणूस म्हणाला. "नंबर तस्वीर की तरह टेप पर चढ़ते हैं. खरखर बिलकुल नहीं आएगी."

गुरुजींच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, यातलं 'व्हिडिओ' तेवढं ऐकलं आणि गल्लीतल्या बायकांना सांगून टाकलं की हे टीव्हीवर दिसणार आहेत.

गुरुजी भूप गायले. त्यांचा आवाज त्या दिवशी फार सुंदर लागला. मलाही वाटलं, मी छान गायले.

टेप ऐकायला खोली गच्च भरली. इंदरगंजच्या प्राचार्याबाईही आल्या होत्या. टीव्ही लागला आणि पडद्यावर नुसते काळेपांढरे ठिपके वळवळू लागले.

"चित्र कधी येणार?" एकीनं विचारलं.

"टीव्ही बिगडलाय वाटतं," दुसरी म्हणाली.

चित्र येणारच नाही, हे त्या माणसानं समजावलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात गुरुजींचा आवाज आला आणि सगळ्या होत्या तिथे बसून राहिल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझ्या बांगड्याही ऐकू येत होत्या. मग मी ऐकू आले.

वरचा षड्ज उतरलेला होता. एकदा नाही, प्रत्येक वेळी. आजवर घरच्या कॅसेटच्या खरखरीत मी स्वतःला ऐकलं होतं आणि सुरेल समजत आले होते. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मी कुणाकडे बघू शकेना, म्हणून ठिपक्यांकडे बघत राहिले.

प्राचार्याबाई माझ्या कानाशी आल्या. "मशीन फार बारीक पकडतं हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या समजूतदारपणानं मी आणखीच मेल्यासारखी झाले.

मी त्या माणसाला म्हटलं, "मेरी आवाज़ निकाल दीजिए न."

"नहीं होगा, बहनजी. सब एक साथ मिल गया है. दोबारा गा लीजिए."

"नको," गुरुजी म्हणाले. "माझा गळा रोज असा लागत नाही. जाऊ दे तसंच."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे दोन्ही विद्यालयं एक झाली. नोकरीची वर्षं धरून मला वरचे वर्ग मिळाले. काकूंनी पेढा हातावर ठेवला, तो मी न खाता पदराला बांधला. ही बाई काय शिकवणार, असं त्या टेपच्या खोलीतली प्रत्येक बाई म्हणत असेल, असं वाटायचं.

पेढ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला घरी बोलावलं. पुढ्यात परकरातल्या लहान मुली सारेगम घोकत बसल्या होत्या.

"बस इथं," ते म्हणाले. "वरचा सा लाव."

मी लावला.

"खाली आहे. पुन्हा."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक माझ्याच शेजारणीची होती, मला बाई म्हणणारी. मी पुन्हा लावला. पुन्हा खाली.

रोज सकाळी मी त्या मुलींत जाऊन बसू लागले. दुपारी संस्थेत मोठ्यांना शिकवायचं आणि सकाळी छोट्यांसमोर चुकायचं. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर मी काकूंकडे काम आहे म्हणून सांगायचे. गुरुजींनी टेपचं नावही काढलं नाही.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी सूर लावला आणि ते काही बोलले नाहीत. बराच वेळ धरून ठेवला, तरी नाही. मग मान हलवून म्हणाले, "हं. आता खाली ये, सावकाश."

माझे डोळे भरून आले. मुलींना दिसू नये म्हणून मी खाली मान घालून एकेक सूर उतरत राहिले.