नामोरी केइताच्या मुलीचे तीन मार्क

सान नावाच्या आमच्या गावात नामोरी केइता पंक्चर काढतो आणि त्याच्या समोर मी बाजरीचे वडे तळते. त्याचं तोंड आणि माझी कढई सकाळी एकदमच तापतात. बोलायला त्याला विषय एकच. त्याची सितान इंजिनियर होणार आणि बानी नदीवर पूल बांधणार. पंक्चर मोटरसायकलचं असो की हातगाडीचं, पूल ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसे.

सितान पोर गुणी, पण गणितात ठार. ‘क्षची किंमत काढा’ असं आलं तर हिनं पेपरात लिहिलं, ‘क्ष सध्या घरी नाही.’ वीसपैकी तीन मिळाले. मला विचाराल तर तेही अक्षर बरं म्हणून.

घोळ झाला तो मास्तरांच्या आडनावामुळे. गणिताचे मास्तर कुलिबाली. केइता आणि कुलिबाली हे थट्टेचे भाऊबंद. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, मयताला गेले तरी सोडायचं नाही, आणि रागावेल तो वेडा. पणज्यांच्या आधीपासून हे चालत आलंय. त्यामुळे तीन मार्कांचा पेपर घरी आला तेव्हा नामोरी भर रस्त्यात मांडी थोपटून हसला.

“बघा, बघा! चवळीखाऊ कसा जळतोय! माझ्या पोरीच्या अठराचे तीन केले मेल्यानं!”

सितान खरं सांगायला तोंड उघडत होती. बाप हसतोय म्हटल्यावर तिनं ते मिटलं. कोण नाही मिटणार? पुढच्या वेळी दोन आले, तो आणखी हसला. शून्य आलं तेव्हा तर त्यानं अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

शेवटी मास्तर स्वतः आले. बिचारे कडक इस्त्रीचा झगा घालून आले होते.

“नामोरी, थट्टा नाही करत. पोरीला गणित येत नाही.”

“गुलामाला गंभीर व्हायलासुद्धा येतं?”

“अरे, अल्लाची शपथ!”

“शपथ पण घेतो!” त्यानं मला हाक मारली. “वहिनी, या हो इकडे, माझं पोट दुखायला लागलं!”

मास्तर जितकं तोंड पाडत तितका हा लोळे. मला दोघांच्याही डोक्यात झारा घालावासा वाटला.

मग शाळेची शेवटची मोठी परीक्षा झाली आणि सितान गणितात सपशेल आपटली. हे पेपर तर दूर राजधानीत, बामाकोत तपासलेले. नामोरी डगमगला नाही. “तिथंही कुलिबालीच बसलेत! सगळं खातंच त्यांचं! पुन्हा बसेल माझी पोरगी, मग इंजिनियर.”

इकडे गावच्या रेडिओवर सितान सुट्टीत सूचना वाचायची. बारसं कुणाकडे, बकरी कुणाची हरवली, असलं सगळं. एका हरवलेल्या मेंढ्याचं वर्णन तिनं असं केलं की ज्यानं तो चोरला होता तोच रडत रडत घेऊन आला. रेडिओवाले म्हणाले, कायमची ये, पण सोमवारच्या बाजाराआधी सांग, नाहीतर दुसरी मुलगी बघतो.

रविवारी पोर माझ्या चुलीपाशी येऊन हमसून रडली. “मावशी, आणखी एक वर्ष गणित केलं तर मी खुळी होईन. मला रेडिओवर जायचंय.”

“मग बापाला सांग की!”

“सांगितलं. ते म्हणाले, त्या कुलिबालीनं तुलाही थट्टा शिकवली वाटतं.”

माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन, झारा हातात तसाच धरून, मी मास्तरांच्या दारात उभी राहिले. “मास्तर, तुमच्या आडनावापायी पोर अडकलीय. तुम्हीच सोडवा.”

मास्तर आले आणि टायरांच्या ढिगावर बसले. नामोरी आधीच खुदुखुदु हसायला लागला होता. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“नामोरी, खरंखोटं सांगायला नाही आलो. मागायला आलोय. तुझी मुलगी रेडिओला दे.”

थट्टेच्या भावानं काही मागितलं तर ‘नाही’ म्हणता येत नाही. सुरे काढलेले लोकसुद्धा अशा मागण्यानं घरी गेलेले मी पाहिलेत. नामोरीचं हसू थांबलं. हातातली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून तो बुडबुडे बघत बसला. सितान माझ्या पदराला धरून उभी होती.

“मागतोस?”

“मागतो.”

“दिली.” मग तो मास्तरांवर खेकसला, “दोन वर्षं लावलीस रे गुलामा एवढं मागायला! गावभर सांगून बसलेला माणूस मी. आपणहून कसा मागं फिरू?”

मास्तर आ वासून बसले. मीही.

सितान हळूच पुढे झाली. “बाबा, म्हणजे ते तीन मार्क खरे आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

नामोरीनं ट्यूब बाहेर काढली आणि कोरडी पुसली.

“मला दोन पडायचे,” तो म्हणाला. “माझे मास्तरही कुलिबालीच होते. पण माझा बाप हसला नव्हता.”