तिसऱ्या आग्रहाची वाट

वडील शिरोलीच्या कारखान्यात भट्टीवर, आणि घरात भाकरी मोजून. म्हणून कुणाकडं जेवायला जाताना आई बजावायची, "दोनदा न्हाय म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. हावरट दिसू नगंस."

हे शिकून मी इंजिनिअर झालो आणि कामासाठी जर्मनीला गेलो. नाताळात खालच्या मजल्यावरच्या आजींनी जेवायला बोलावलं. मेजवानी म्हणून मी सकाळपासून उपाशी.

एकदा वाढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अजून बटाटे?"

मी लाजून म्हटलं, "नको."

त्यांनी मान हलवली, भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते आत नेलं. मी दुसऱ्या, तिसऱ्या आग्रहाची वाट बघत काटा चाटत बसलो.

आजी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भूक असेल तर सांग. तू नको म्हणालास, मी खरं मानलं."

मी बशी पुढं केली. घराण्यातला पहिला पदवीधर मीच, आणि मागून वाढून घेणाराही पहिला मीच.