चार बोटं आखूड

नवऱ्याची थोरली बहीण चपलांच्या दुकानात काम करते, हे वहिनीला लग्नाआधीच कळलं होतं. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड आहे, हेही कळलं होतं. पण ती दिवसभर लोकांचं काय काय ऐकते आणि त्यावर काय बोलते, ते मात्र मुलं शाळेत जायला लागली आणि वहिनी स्वतः त्याच दुकानात कामाला लागली, तेव्हा कळलं.

सगळे तिला ताईच म्हणत. घरचे म्हणत, मालक म्हणायचे, शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, तो तर वयाने तिच्याहून मोठा. दुकान अरुंद आणि लांबुडकं. दोन्ही भिंतींना पार छतापर्यंत खोके, मधे गिऱ्हाइकांसाठी बाक, बाकासमोर एक ठेंगणं स्टूल. ते स्टूल ताईचं. लहान असताना ती कुंपणाच्या भिंतीवरून पडली, हाड नासलं, ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली आणि त्या पायाने वाढायचंच सोडून दिलं. डाव्या पायात ती जाड तळाचा बूट घालायची. तो फरशीवर असा काही पडायचा, की ताई दुकानात कुठे आहे ते मान वर न करताही समजावं.

वहिनी दुकानात नवी होती तेव्हाची गोष्ट. दोन मित्र बूट घ्यायला आले. ताई खोका घेऊन त्यांच्याकडे चालत निघाली, तसा एकजण दुसऱ्याला म्हणाला, आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चपला विकायला ठेवलंय कुणाला, तर लंगडीला. टकल्याने कंगवे विकावेत तसं झालं."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे होणार तेवढ्यात ताई स्टुलावर बसली, खोका उघडला आणि अगदी सहज म्हणाली, "कंगव्यांचं मला माहीत नाही. पण बूट कुठे चावतो ते माझ्याइतकं इथे कुणालाच सांगता यायचं नाही. उजवा पाय द्या."

मित्र फिसकन हसला, पण हसला तो बोलणाऱ्याला. बोलणाऱ्याने मुकाट्याने पाय पुढे केला. जाताना तो बूट घेऊन गेला, वर "येतो ताई" असंही म्हणून गेला.

"तुम्ही त्याला बूट विकलात?" वहिनीचा राग अजून उतरला नव्हता.

"मग काय फेकून मारू? जोडी फुटते."

वहिनी थक्क झाली, आणि मग रोजच व्हायला लागली. कारण ताईचं उत्तर ठरलेलं नसायचं. माणूस बघून ती बोलायची.

एकदा एका छोट्या मुलीने विचारलं, "तुझा एक बूट एवढा मोठा का?" आईने पोरीच्या हातावर चापट मारली. "असं विचारू नये." पोरगी रडवेली झाली. ताई आईला म्हणाली, "अहो, विचारू दे की. पाय माझा, मला चालतं." मग तिने मोठा बूट काढून पोरीच्या हातात दिला. "उचल बघू. जड आहे ना? माझा पाय छोटा राहिला, म्हणून बूट उंच केला." पोरीने दोन्ही हातांनी तो उचलला, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "छोटा पाय दुखतो का?"

"थंडीत दुखतो. आज नाही दुखत."

वहिनी हे दाराशी उभी राहून ऐकत होती. पाय दुखतो का, ही गोष्ट इतक्या वर्षांत तिने कधी विचारलीच नव्हती. त्या पोरीने दोन मिनिटांत विचारली.

आणखी एक आजीबाई होत्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नाही. ताईला आपल्या पायाशी बसलेलं बघून त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कसं ग काढतेस बाई आयुष्य? मी असते तर जगलेच नसते."

ताईने क्षणभर विचार केला. "मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं, आजी," ती म्हणाली. "मग भूक लागली."

आजीबाई आधी दचकल्या आणि मग अशा हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मालक म्हातारे झाले आणि त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला. त्याने दिवे बदलले, आरसे बदलले, बाकाला नवं कापड लावलं. मग एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलं असताना, त्याने ताईला बोलावलं. वहिनी काच पुसत होती.

"ताई, तुम्ही आता मागे गोदाम सांभाळा," तो म्हणाला. "बसून काम. तुम्हालाही बरं. आणि खरं सांगायचं तर, चपलांच्या दुकानात दारातच असा पाय दिसला, की गिऱ्हाइकाला कसंतरी वाटतं."

वहिनी ताईच्या विनोदाची वाट बघू लागली. आता ती असं काही बोलेल, की याचं तोंड पाहण्यासारखं होईल.

ताईने विनोद केला नाही. ती दोन पावलं पुढे आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मागे जाणार नाही. माझं काम पुढे आहे आणि ते मला येतं. ते नीट होत नसेल तर सांग, मी ऐकेन. पण माझा पाय बघवत नाही म्हणून मी आत बसायचं, हे मी ऐकणार नाही. आणि तू हे बोललास ते मला लागलं, तेही ऐकून ठेव."

आवाज चढला नव्हता. वहिनीच्या हातातलं फडकं काचेवर तसंच थांबलं. हजार टोमणे हसून परतवणारी ही बाई सरळ 'मला लागलं' म्हणते, आणि म्हणताना खाली बघत नाही, याचं तिला एखादा डोंगर अचानक समोर यावा तसं दडपण आलं. मालकाच्या मुलाने किल्ल्या उचलल्या, ठेवल्या, पुन्हा उचलल्या. ताई आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

घरी जाताना वहिनीने विचारलं, "त्याला तुम्ही हसून का नाही उडवलंत?"

"गिऱ्हाईक घटकाभराने निघून जातं ग. त्याच्यासाठी कशाला रक्त आटवायचं? याचं तोंड मला रोज बघायचंय. याला हसण्यावारी नेलं असतं, तर उद्या मी गोदामात असते."

मुलाने माफी काही मागितली नाही. पण गोदामाचा विषयही काढला नाही. काही दिवसांनी तो स्टुलाजवळ घुटमळला. "मी काय बोलायला हवं होतं?"

"विचारायला हवं होतंस, ताई, काही त्रास होतो का म्हणून."

"होतो का?"

"शिडी चढताना होतो. जास्त खपणारे नंबर वर ठेवलेत तू."

त्या रविवारी त्याने स्वतः खोके खाली आणले. तोंड जरा वाकडंच होतं, पण आणले.

पुढे वहिनीच्या माहेरी एक लग्न निघालं. जेवणाच्या पंक्तीत तिच्या सख्ख्या मावशीने विचारलं, "तुझी ती पांगळी नणंद अजून तुमच्यातच राहते का?" वहिनीने पटकन एखादा विनोद शोधला, सापडला नाही. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मावशी, तिला पांगळी म्हणू नकोस. मला आवडत नाही." मावशीने वाढप्याला हाक मारून भात मागितला.

घरी आल्यावर तिने ताईला सगळं सांगितलं. "पण माझा आवाज कापत होता हो. तुमच्यासारखं नाही जमलं."

ताई पलंगावर बसून पाय चोळत होती. "माझा तर लग्नाचं वय उलटून जाईपर्यंत कापायचा," ती म्हणाली. "मी घरी येऊन रडायचे. नळ सोडून. तुझ्या नवऱ्याला विचार, तो दार वाजवायचा, पाणी संपेल म्हणून."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. ताई जन्मतःच अशी धीट असेल, असं ती आजवर धरून चालली होती. तिने सरकून ताईचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागली.

"थंडी पडली का ग?" ताईने विचारलं.

"पडतेय," वहिनी म्हणाली.