विनतावहिनींचं वजन

जबलपुरातली मराठी घरं हिंदीत भांडतात, हिंदीत भाव करतात, आणि पोरं तर देवालाही हिंदीतच साकडं घालतात. पण भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहिल्या की सगळ्यांना आपलं वऱ्हाड आठवतं. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळीवर तुपाची धार. आता एवढं रांधल्यावर पाटावर बसलेली सवाष्ण जर म्हणाली, "बस बस, माझं डाएट आहे," तर रांधणारीनं डोकं कुठं आपटावं?

विनतावहिनी असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणून पहिलं आवतण त्यांना. पदर खोचून पाटावर बसत, ज्येष्ठा-कनिष्ठेला हात जोडत, आणि मग अशा मन लावून जेवत की चुलीपाशी राबून कावलेल्या बायकाही ते बघायला दारात येऊन उभ्या राहत. "विनता जेवली म्हणजे महालक्ष्मी जेवली," असं शरयूकाकू म्हणायच्या. शरयूकाकू म्हणजे मोठ्या वाड्यातल्या भय्यासाहेबांच्या पत्नी. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इथं आलं, आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत.

वहिनींचं वजन नव्वदीच्या घरात. पंक्तीत कौतुक आणि पंक्तीबाहेर थट्टा, हा त्यांचा नेहमीचा वाटा. नवरा भाऊराव खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत, बारूद भरण्याच्या कामावर. स्कूटर सुरू करण्याआधी तो मागचं चाक दाबून बघायचा. "हवा पाहून राहिलो," म्हणायचा. वहिनी म्हणायच्या, "पाहा पाहा. लग्नात माझा हात धरला तेव्हा नाही पाहिली हवा." आणि सगळ्यात आधी स्वतःच हसायच्या. जाड बाईनं आपल्यावरचा विनोद आपणच आधी करून टाकावा, म्हणजे दुसऱ्याचा बोथट होतो, एवढी अक्कल त्यांना पोरवयातच आली होती.

मग त्यांची पाठ दुखायला लागली.

गल्लीतल्या डॉक्टरांनी पाठीला हात न लावताच सांगितलं, "वजन कम करो, भाभीजी." दुसऱ्याकडे गेल्या. त्यानं पट्टा दिला आणि वजन कम करो. तिसऱ्यानं गुडघेही विचारले, वहिनींना बरं वाटलं. मग म्हणाला, वजन कम करो. छातीत एक गाठ हाताला लागत होती, पण ती दाखवायची हिंमत होईना. अंगावर एवढं मांस, त्यात एक गाठ कुठली नि काय! ती दाखवली असती तरी हेच ऐकावं लागलं असतं, असं त्यांना वाटलं. होळीच्या सुमारास पाठ इतकी धरली की उठता येईना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात फोटो निघाले. छातीत कॅन्सर, आणि तो हाडांत नि लिव्हरमध्ये पोचलेला. म्हणजे इतके महिने सगळ्यांनी मिळून ज्याला चरबी समजून टोमणे मारले, तो चरबीआड निवांत बसून आपलं काम करत होता.

घरात रडारड झाली. आणि रडणं ओसरल्यावर, आपल्याकडे होतं तसं, कारणाचा शोध सुरू झाला. तो फार लांब गेला नाही. शहपुऱ्याहून नणंद इंदू आली, तिनं वहिनींना मिठी मारली आणि मिठी सोडता सोडताच म्हणाली, "मी म्हणत नव्हती का, वजन आटोक्यात ठेव म्हणून?"

इंदू मनानं वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, वहिनींना तिला घालवून देता आलं असतं. तिच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवलं होतं की कॅन्सर साखरेवर आणि चरबीवर जगतो, दोन्ही तोडा, तो उपाशी मरतो. भाऊरावला हे एकदम पटलं. त्याचा जन्म वजनकाट्यापुढे गेला होता. काडतुसाच्या खोक्यात माल जास्त भरला की नापास, कमी केला की पास. बायकोलाही तोच नियम लावला. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून वजनाचा काटा आणला, देवघराशेजारी ठेवला, आणि सकाळी देवाला फूल वाहून झालं की बायकोला काट्यावर उभं करू लागला.

पोळी बंद, भात बंद, तूप तर घरातूनच हद्दपार. सकाळी लौकीचा, म्हणजे दुधीचा, रस, दुपारी उकडलेली लौकी, संध्याकाळी लौकीतच कोणीतरी मूग टाकून दिल्यासारखं काहीतरी.

"कॅन्सर उपाशी मरतो म्हणे," वहिनी एकदा पेला हातात धरून म्हणाल्या. "म्हणजे मी मेली तरी हरकत नाही, तो उपाशी राहिला पाहिजे."

"काहून असं अभद्र बोलून राहिली?" भाऊराव चिडला. "तुझ्याचसाठी करून राहिलो न हे सगळं?"

"मले माहीत आहे. म्हणून तर पिऊन राहिली."

तिकडे दर आठवड्याला सलाइनमधून औषध चढत होतं. तोंड सोलून निघालं. पाण्यालाही लोखंडाची चव. वजन भराभर उतरलं आणि भाऊरावची छाती फुगू लागली. फॅक्टरीच्या गेटवर तो लोकांना सांगायचा, "बीस किलो! डॉक्टर भी खुश हो जाएगी."

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या नाहीत. वहिनींना तपासून त्यांनी खुर्ची मागे सारली आणि भाऊरावला विचारलं, "इनको खाने को क्या देते हैं आप?"

भाऊरावनं शाळेतल्या हुशार पोरासारखं सगळं सांगितलं. लौकी, लौकी आणि लौकी.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आणि हिंदीत का होईना, नीट समजावलं. आजार होऊ नये म्हणून, किंवा सुरुवातीलाच पकडला तर, वजन ताब्यात असणं चांगलं, हे खरं. पण एकदा पसरल्यावर गणित बदलतं. पसरलेल्या आजारात जाड बायकांचं बारीक बायकांपेक्षा वाईटच होतं, असं पाहणीत ठामपणे दिसलेलं नाही. काही ठिकाणी तर त्या थोडं जास्तच निभावून नेतात. खरे हाल होतात ते हडकलेल्या बायकांचे, आणि ज्यांचं वजन असं धडाधड पडतं त्यांचे. अंगात ताकद नसली की औषधच झेपत नाही. "ये जो गया है ना, ये सिर्फ चर्बी नहीं है. मांस गया है. अगला डोस मैं अभी नहीं दे सकती. पहले खिलाइए. वजन थमा तो इलाज चलेगा. नहीं थमा तो मेरे हाथ बंध जाएँगे."

एवढं सगळं ऐकून बाहेर आल्यावर भाऊराव काय म्हणाला असेल? म्हणाला, "बाई स्वतःच केवढी आहे पाहिलं का? ते तर असंच सांगन."

वहिनी दवाखान्याच्या पायरीवरच थांबल्या. "माह्या पाठीचं दुखणं ज्यांनी वजनावर ढकललं, ते सगळे बारीक होते," त्या म्हणाल्या. "आता एक जाडी खरं बोलली, तर तेही तुम्हाले वजनामुळंच खोटं वाटून राहिलं."

त्या दिवशी लौकी बंद झाली. पण अन्न म्हणजे काही नळ नाही, चावी फिरवली की सुरू. इंदूनं शिरा केला, तो घशात अडकला. भाऊराव रडकुंडीला येऊन दुधात कुस्करलेली पोळी घेऊन मागं फिरायचा, आणि वास आला तरी वहिनी तोंड फिरवायच्या. काटा रोज थोडा खालीच. आता भाऊराव काट्याकडे असा बघायचा, की जणू तो काटा फितूर झालाय.

महालक्ष्म्या जवळ आल्या. शरयूकाकूंचं आवतण दरवर्षी हळदकुंकू घेऊन दारात यायचं. यंदा फोन आला. "विनता, तू आराम कर बरं. एवढा वेळ पाटावर बसणं होणार नाही तुझ्यानं. आम्ही मेघनाला सांगितलं आहे, माझी भाचेसून." रोगट अंगाची सवाष्ण महालक्ष्मीपुढं बसवू नये, हे न बोलता सांगायला मोठ्या घराण्यातच जन्मावं लागतं.

वहिनींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "मले न्या तिथं."

"आवतण नाही न, विनता."

"दर्शनाले आवतण लागत नाही." मग साडी बदलायला उठत, "मले पंक्तीत घास जाईन, असं वाटते. घरी नाही जात. तिथं गेलं तर गेलं."

भाऊरावनं स्कूटर काढली. चाक दाबून पाहिलं नाही.

डोक्यावरून पदर घेऊन वहिनींनी शरयूकाकूंच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर बायका गोळा झाल्या. ज्यांना आजार माहीत होता त्या वहिनींच्या पायांकडे पाहू लागल्या. ज्यांना माहीत नव्हता त्या खूश झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा वहिनींना चार बायकांत ऐकायला मिळालं, "अय्या, किती छान बारीक झाली! चेहरा कसा निघाला बघ. काय करून राहिली गं? सांग ना आम्हाले!"

"इंजेक्शन असते एक," वहिनी म्हणाल्या. "दर आठवड्याले. केसही जातात. लावून देऊ का तुमचा नंबर?"

बायका वाढपाकडे पांगल्या.

महालक्ष्मीपुढच्या पाटावर मेघना बसली होती, नथ घालून, सडपातळ, चित्रातल्यासारखी. शरयूकाकूंनी वहिनींना मागच्या पंक्तीत, भिंतीकडेला पान मांडलं. वाढप सुरू झालं. मेघनेनं पोळीचा चतकोर तोडला आणि वरून येणाऱ्या तुपाच्या धारेला हात आडवा धरला. "मामीजी, बस. मैं मीठा नहीं लेती, वेट बढ़ जाता है." शरयूकाकूंच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. पाहावं तरी कोणाकडे? त्यांचे डोळे सवयीनं वहिनींकडे वळले.

सगळ्यांचेच वळले. दारात बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

वहिनींनी पोळीचा घास तुपात बुडवून तोंडात घातला. पुरण, वेलची, जायफळ यातलं काहीच आलं नाही. लोखंडच आलं. त्यांनी तो गिळला. दुसरा गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्यावर ढकललं. अर्धी पोळी त्यांनी अशी संपवली, की एवढी मेहनत भाऊरावनं नोकरीत कधी केली नसेल. मग उठून मागच्या मोरीकडे गेल्या, आणि सगळं बाहेर आलं.

त्या तोंड धुऊन वळल्या तर मागे शरयूकाकू. पाण्याचा तांब्या पुढं करत त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हटलं होतं गं, नको येऊ." आवाजात दया होती, पण नजर मोरीवर होती. महालक्ष्मीचं अन्न असं पडणं चांगलं नसतं.

"काकू, दर वर्षी मी पोटभर जेवली," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा म्हणायच्या, महालक्ष्मी जेवली. आज मी ओकली. आज कोण ओकलं?"

काकूंनी तांब्या तिथंच ठेवला आणि आत गेल्या.

नंतरचे काही आठवडे घरातल्या सगळ्यांनी जीव तोडून चारलं. इंदूनं शहपुऱ्याहून घरचं तूप आणलं, आणि ज्या मोबाइलवर लौकी आली होती त्याच मोबाइलवर आता सत्तूचे प्रकार येऊ लागले. वहिनी चमचा चमचा घ्यायच्या. आणि एका सकाळी काटा वर गेला. दुसऱ्या दिवशी आणखी वर. भाऊरावनं काटा हलवून पाहिला, स्वतः उभा राहून पाहिला, मग बायकोला परत उभं केलं. वाढलंच होतं! त्यानं इंदूला फोन लावला, शेजारच्या क्वार्टरात पेढे दिले, आणि दवाखान्यात जाताना रस्ताभर बोलत होता. आता डोस सुरू होणार. दिवाळीपर्यंत पाठ मोकळी.

डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं, आणि मग वहिनींकडे पाहिलं. साडी थोडी वर घ्यायला सांगून त्यांनी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. पोटावर हात ठेवून दोन्ही बाजूंनी टिचकी मारून पाहिली.

"ये वजन नहीं है," त्या हळूच म्हणाल्या. "पानी है. लिवर साथ नहीं दे रहा."

सलाइनचं औषध आता द्यायचं नाही, असं ठरलं. पाणी उतरायच्या गोळ्या, दुखण्याचं औषध, आणि जे खावंसं वाटेल ते. जे खावंसं वाटेल ते! हे एक वाक्य तीस वर्षांत कोणत्याही डॉक्टरनं विनतावहिनींना म्हटलं नव्हतं.

बाहेर स्कूटरपाशी भाऊरावचा फोन वाजत होता. इंदू. त्यानं तो हातात धरला, वहिनींकडे पाहिलं.

"काय सांगू तिले?"

वहिनी चपलेत पाय घालायचा प्रयत्न करत होत्या. सुजलेला पाय पट्ट्यात शिरेना. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि भाऊरावच्या खांद्याला धरून मागच्या सीटवर बसल्या.

"इथल्या काट्यावरही वाढलं म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "तूप आणलं तिनं. एक दिवस तरी खुश राहू द्या."

भाऊरावनं फोन कानाला लावला. "हां, इंदू," तो म्हणाला. "हो न. वाढलं." आणि पलीकडून इंदूचं हसणं इतकं मोठ्यानं आलं, की वहिनींनाही ते स्वच्छ ऐकू आलं.