सुमनताईंचा फ्लास्क

महिना झाला. ताईंना सांभाळायला अकलूजहून आलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, "ताई गेली." मी त्यांच्या प्रयोगशाळेतली मदतनीस, तेव्हा परीक्षानळ्या धूत होते. नळ बंद केला.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात सुमनताई जीवरसायनशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा वेळ माणसाच्या चरबीला देत. शरीरात हार्मोनसारखे वागणारे, चरबीपासूनच बनणारे काही पदार्थ असतात, प्रोस्टाग्लँडिन त्यांचं नाव. पेशीतलं एन्झाइम चरबीचा साठा फोडू लागलं की ते त्याला आवर घालतात. कॅन्सरमध्ये माणूस एवढा झडतो तेव्हा हा आवर सुटतो का, हा ताईंचा प्रश्न. शस्त्रक्रियेत निघालेला चरबीचा तुकडा त्या स्वतः आणत, चहाच्या फ्लास्कमध्ये, कोमट पाण्यात बाटली बुडवून. गारठ्यानं चरबीच्या पेशी फुटतात. मेच्या उन्हात गरम फ्लास्क कवटाळून रिक्षातून उतरणाऱ्या ताईंना मी फार हसायची.

मग त्यांनाच कॅन्सर झाला. वेदनाशामक गोळ्यांनी हे पदार्थ बनायचे थांबतात, म्हणून बाकी रुग्णांचे नमुने वाया जात. डॉक्टर रागावले तरी ताईंनी ऑपरेशनआधी आठ दिवस गोळी घेतली नाही. "लई दुखतंय की," ओठ चावत म्हणाल्या, "पण नमुना चोख निघंल."

तो आणायला मी गेले. घाईत फ्लास्क त्यांच्याच घरी राहिला. सिस्टरनं बर्फाचा डबा पुढे केला आणि जन्मभर रक्ताचे नमुने बर्फातच नेलेली मी, तो घेऊन निघाले. पेशी सुट्या करायला घेतल्या तर वर नुसतं तेल तरंगलं.

शुद्धीवर आल्यावर ताईंनी पहिलं विचारलं, "पेशी जगल्या का गं?"

"जगल्या," मी म्हणाले.

घरी गेल्यावर त्यांनी आकडे कधीच विचारले नाहीत. औषधांच्या गुंगीत विसरल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

तेराव्यानंतर भेटायला गेले तेव्हा बहिणीनं स्वयंपाकघरातल्या फळीवरून फ्लास्क काढून दिला. "दवाखान्यातनं आली त्याच दिवशी बगितला तिनं. म्हणाली, ह्यो हितंच राहिला व्हय... पुसून फळीवर ठिवला. मग म्हणाली, तिला काय बोलू नगंस."

फ्लास्क आता माझ्या टेबलावर असतो. ताईंचं काम तिथंच थांबलं, पुढे नेणारं कुणी नाही. सकाळी मी त्यात कोमट पाणी भरते. संध्याकाळी ओतून देते, तेव्हाही ते कोमटच असतं.